पर्यवेक्षक आणि दोन उपाशी गोबी

माणसाने आयुष्यभर एकच काम मन लावून केले, की जगाची घडणही त्याच कामाच्या साच्यातून झाली असावी असा त्याचा समज होऊन बसतो. शिंपी शोकसभेतही खांद्यांची मापे घेत असतो. दंतवैद्याला हसणाऱ्याचे हसू दिसत नाही, दाढ दिसते. मग टक लावून पाहत राहिले म्हणजे चराचर सृष्टी शिस्तीत वागते, असे एखाद्या परीक्षा-पर्यवेक्षकाला वाटले, तर त्यात त्याचा तरी काय दोष?

आपल्या कथेतल्या गृहस्थांना इमारतीत सगळे पर्यवेक्षकच म्हणत. ते परीक्षेच्या दालनात शिरले की पंख्याचाही आवाज खाली येई. त्यांच्या नजरेसमोर नक्कल करणे सोडाच, मुले येत असलेले उत्तरही विसरत, अशी त्यांची ख्याती होती. या ख्यातीच्या उत्तरार्धावर त्यांनी कधी फारसा विचार केलेला नव्हता.

त्यांची एकुलती एक लेक नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात राहत होती आणि दर शनिवारी घरी येत होती. ती आईवडिलांना भेटायला येते, असे म्हणायला तिघांचीही हरकत नव्हती. पण खरे कारण जेवणाच्या खोलीतल्या बैठ्या कपाटावर ठेवलेले होते. खाऱ्या पाण्याची ती काचेची टाकी लेकीने शिकत असताना हौसेने उभी केली होती, आणि तिच्या भाड्याच्या खोलीच्या मालकाला घरात समुद्र चालत नव्हता. म्हणून ती शनिवारी यायची. आई ताट वाढायची. आई आणि बाबा समोर बसून तिच्या प्रत्येक घासाकडे पाहायचे. "एवढंच? वाळलीस किती बघ," असे आईने म्हटले, की लेक दोन घास चिवडून "मी येतानाच खाल्लंय" म्हणत उठायची आणि टाकीपुढे जाऊन बसायची. मग आईबापांच्या वाट्याला उरायची ती तिची पाठ आणि त्या पाठीच्या कडेने झिरपणारा निळा उजेड. पर्यवेक्षकांना तेवढेही पुरत असे. माणूस घरात आहे याचा त्याच्या पाठीइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

अशाच एका शनिवारी तिने पाण्याने फुगलेल्या पिशवीतून दोन मासे आणले. करंगळीच्या पेराएवढे, लिंबासारखे पिवळे, आणि चेहऱ्यावर जन्मापासूनची नाराजी.

"गोबी," ती म्हणाली.

"नाव भाजीचं वाटतं," आई म्हणाली.

"आई, मासे आहेत ते. दुकानात आल्यापासून म्हणे काही खाल्लेलं नाही. फार नखऱ्याचे असतात. पोहत पोहत खाणं शोधत नाहीत, एका जागी बसून राहतात. समोरून काही गेलं आणि मनात आलं तर टिपतात. बाबा, ते खातात की नाही तेवढं बघा."

"बघतो," पर्यवेक्षक म्हणाले. या शब्दावर त्यांची सारी कारकीर्द उभी होती.

"आणि नाहीच खाल्लं, तर पुढच्या शनिवारी सगळी टाकीच देऊन टाकू. लांब राहून जीव पाळायचे आणि उपाशी मारायचे, हे काही बरं नाही. मलाही मग दर आठवड्याला धावत यायला नको."

शेवटचे वाक्य तिने सहज, पिशवीची गाठ सोडता सोडता म्हटले. पर्यवेक्षकांच्या आत मात्र काहीतरी सुटले आणि सावकाश तळाशी जाऊन बसले. त्यांनी बायकोकडे पाहिले. ती ओट्यापाशी एक स्वच्छ भांडे पुन्हा पुसत होती.

रविवारी सकाळी पर्यवेक्षकांनी टाकीसमोर खुर्ची मांडली, चष्मा पुसला आणि पाण्यावर कोरड्या खाद्याचे दाणे टाकले. टाकीत आधीपासून एक नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा लठ्ठ मासा होता. पुढे केलेले काहीही तो नि:संकोच खाई, म्हणून आईने त्याचे नाव जावई ठेवले होते. जावयाने पहिल्याच झडपेत निम्मे दाणे संपवले. उरलेल्यांपैकी एक घरंगळत गोबींच्या खडकापर्यंत गेला. थोरल्या गोबीने (थोरला कोणता हे पर्यवेक्षकांनी स्वतःच्या अधिकारात ठरवले होते) तो तोंडात घेतला. पर्यवेक्षक पुढे झुकले. गोबीने त्यांच्याकडे पाहिले, क्षणभर विचार केला आणि दाणा थुंकून टाकला.

"अगं, हा थुंकला."

"कुणावर?"

"माझ्याकडे बघून थुंकला."

"मग चव नसेल त्याला. या घरातून आजवर कुणी उपाशी गेलेलं नाही," असे म्हणत बायको हात पुसत आली आणि दुसरी खुर्ची ओढून बसली. आता चार डोळे झाले. दोन्ही गोबी खडकाच्या भेगेत मागे सरकले आणि तिथून, न सुचलेल्या कवितेतल्या दोन स्वल्पविरामांसारखे, निरर्थक पण ठळक दिसत राहिले.

माशांच्या दुकानदाराने गोठवलेल्या कोळंबीचा चुरा दिला आणि सल्ला दिला, की औषधाच्या ड्रॉपरने तो थेट नाकासमोर सोडावा. माशाचे नाक नेमके कुठे असते हे विचारणे पर्यवेक्षकांना प्रशस्त वाटले नाही. त्यांनी बाह्या वर केल्या आणि ड्रॉपर पाण्यात घातला. पंपाच्या प्रवाहाने चुरा उचलला, टाकीला एक फेरी घालून आणला आणि जावयाच्या तोंडात नेऊन सोडला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा जावई ड्रॉपरपाशीच येऊन थांबला. बरोबरच होते, पंगत कुठून सुरू होते हे त्याला एव्हाना कळले होते.

तेव्हा पर्यवेक्षकांनी पंप बंद केला. युक्ती चांगली होती. फक्त पंप थांबल्यावर त्याच्या नळीतून पाणी उलटे वाहू लागते आणि नळीचे दुसरे टोक कपाटामागे लोंबकळत असेल तर टाकी जमिनीवर रिकामी होऊ लागते, हे कुणी त्यांच्या कानावर घातलेले नव्हते. ते भेगेकडे टक लावून बसले होते. पाण्याची पातळी उतरताना त्यांना दिसली, पण त्यांना वाटले, आपलीच मान वर होते आहे.

दारावरची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरचे कप्तान उभे होते. कप्तान हयातभर जहाज कंपनीच्या किनाऱ्यावरच्या कचेरीत हिशेबनीस होते आणि त्यांच्या खिडकीतून बंदर दिसत असे. कप्तान ही पदवी त्यांना इमारतीने दिली होती आणि त्यांनी ती नाकारली नव्हती.

"तुमच्याकडे समुद्र आहे का?" त्यांनी विचारले.

"म्हणजे?"

"माझ्या टेबलावर थेंब पडतायत. चाखून पाहिले. खारट लागले. नळाचं पाणी खारट नसतं."

"तुम्ही छतातून गळणारं पाणी चाखलंत?" बायकोने विचारले.

"वहिनी, समुद्राशी ज्याचा संबंध आलाय तो आधी चाखतो, मग बोलतो."

फरशी पुसताना कप्तानांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि त्याच क्षणी प्रकरण आपल्या अखत्यारीत घेतले. त्यांचे म्हणणे तीन अंगांनी जाई. जावयाला आधी दुसऱ्या कोपऱ्यात पोटभर वाढावे, म्हणजे तो मधे येणार नाही. टाकीला वर्तमानपत्र लावावे, म्हणजे मासे बुजणार नाहीत. आणि वर्तमानपत्र अजिबात लावू नये, कारण मग माशांनी खाल्ले की नाही हे आपल्याला कसे दिसणार? पर्यवेक्षकांना पहिला आणि तिसरा सल्ला पटला. दुसरा त्यांच्या व्यवसायाच्या मुळावरच येणारा होता.

"आणि खरं सांगू?" कप्तान पिळलेले फडके वाळत घालत म्हणाले. "मेलेलं खाणारे नाहीत हे. यांना जिवंत लागतं. हललं पाहिजे."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, खाल्लं?"

"अजून नाही. पण नकारही स्पष्ट दिलेला नाही."

"बाबा."

"तोंडात घेतलं होतं. प्रस्ताव विचाराधीन आहे असं म्हणता येईल."

फोनमधली शांतता आणि टाकीतली शांतता एकाच जातीची असते. दोन्हींच्या आत कुणीतरी हलत असते, दिसत मात्र नाही. मग लेक म्हणाली, "मी बारीक कोळंबीची अंडी मागवलीयत. मिठाच्या पाण्यात ठेवली की पिल्लं निघतात, जिवंत. गडबडीत पार्सल माझ्या नावावर टाकलंय. आलं की तिथल्या पार्सल कचेरीतून सोडवून आणाल?"

"तू जेवलीस का?" पर्यवेक्षकांनी विचारले.

"हो, हो," ती घाईने म्हणाली आणि फोन ठेवला.

पार्सल कचेरीत खिडकीमागे एक कारकून बाई होत्या. त्यांच्यासमोरच, हात पोहोचेल इतक्या अंतरावर, ते पार्सल पडले होते. लेकीचे नाव पर्यवेक्षकांना उलटे वाचता येत होते.

"ज्यांच्या नावे आहे त्यांनी स्वतः यायचं," बाई म्हणाल्या.

"ती परगावी असते. मी तिचा बाप."

"तसा काही पुरावा?"

पर्यवेक्षकांनी ओळखपत्र सरकवले. बाईंनी ते दोन्ही बाजूंनी पाहिले. "आडनाव जुळतंय. पण आडनाव काय, कुणाचंही जुळतं."

"अहो, बाप असल्याचा दाखला कोण खिशात घेऊन फिरतं?"

"ज्यांना पार्सल हवं असतं ते फिरतात. शनिवारी त्या येतील ना? तेव्हा या."

"शनिवारपर्यंत मासे मरतील."

बाईंनी पार्सलकडे संशयाने पाहिले. "आत मासे आहेत?"

"आत अंडी आहेत. मासे घरी आहेत."

"मग मासे मरण्याची तक्रार इथे होणार नाही."

आयुष्यभर इतरांची ओळखपत्रे तपासलेल्या माणसाला स्वतःचे पितृत्व एका जाळीदार खिडकीपुढे सिद्ध करता येऊ नये, यात काही काव्यात्म न्याय असेलही. पर्यवेक्षकांना तो त्या वेळी जाणवला नाही. त्यांना फक्त संभ्रम पडला. लेकीचा असा कोणता खूण-पुरावा आपल्याजवळ आहे, हे ते खरोखरच आठवू लागले. तिला काय आवडते? पूर्वी ठाऊक होते. हल्ली ती काय खाते? ठाऊक नव्हते. शेवटी मागच्या रांगेतून कुरकुर सुरू झाली, तेव्हा बाईंनीच पार्सलवरचा क्रमांक फिरवला.

"तुमच्या पार्सलसाठी एक गृहस्थ आलेत. तुमचे वडील म्हणवतात." पलीकडून काहीतरी विचारले गेले. बाईंनी मान वर करून पाहिले. "काय करतायत? काही नाही. खिडकीतून माझ्याकडे टक लावून बघतायत." क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "बरं. तेच का? मग देते."

पर्यवेक्षक पार्सल घेऊन बाहेर पडले. ओळख पटल्याचा आनंद मानावा की ज्या खुणेवरून पटली तिचे दुःख, हे घर येईपर्यंत त्यांना ठरवता आले नाही.

अंडी म्हणजे एका डबीत भरलेली तपकिरी पूड होती. पर्यवेक्षकांनी लेकीच्या सूचनेबरहुकूम उभी बाटली घेतली, मिठाचे पाणी केले, हवेची नळी सोडली आणि बाजूला टेबलावरचा दिवा लावला. थोडी पूड बाटलीत टाकून उरलेली डबी त्यांनी ओट्यावर ठेवली. ओट्यावर दालचिनीच्या पुडीचीही अशीच डबी होती. त्यानंतर कप्तान पाहणीसाठी आले, बायकोने त्यांच्यासाठी कॉफी केली आणि वर चिमूटभर पूड भुरभुरली. कप्तानांनी घोट घेतला, डोळे मिटले.

"वहिनी, आज कॉफीला वेगळीच चव आहे. बंदराची आठवण झाली."

बायकोने डबीकडे पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिले. दोघांनीही काही सांगायचे नाही हे संसाराच्या जुन्या, निःशब्द भाषेत ठरवले. "अजून देऊ का?" एवढेच ती म्हणाली, आणि कप्तान हो म्हणाले.

बाटलीतल्या पाण्यात पिल्ले निघाली. दिव्याच्या बाजूला एक नारिंगी धूसरता जमली, आणि जवळून पाहिले तर तिचा कणन्कण स्वतःच्या मर्जीने उड्या मारीत होता. पर्यवेक्षक बराच वेळ तिथे उभे राहिले. इतक्या घाईने जगायला निघालेले हे जीव आपण कुणाच्या तरी तोंडी द्यायला निघालो आहोत, या विचाराने ते अस्वस्थ झाले. पण शनिवार जवळ आला होता, आणि करुणेलाही कुठे ना कुठे बांध घालावाच लागतो.

भोजनाचा सोहळा गुरुवारी ठरला. जावयाला आधी कोपऱ्यात नेऊन दाण्यांनी तृप्त केले. पंप बंद केला, नळीचे टोक या वेळी बादलीत ठेवले आणि बादलीवर बायकोला बसवले. कप्तान घडीची खुर्ची घेऊन आले. त्यांच्या पत्नीही आल्या. त्यांना दूरचे दिसत नसल्याने त्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. पर्यवेक्षक मधोमध, हातात ड्रॉपर. नारिंगी धूळ खडकासमोर सोडली गेली. ती तरंगली, उड्या मारू लागली, भेगेच्या अगदी तोंडाशी गेली.

"खा रे," बायको बादलीवरून म्हणाली. "एक घास. आमच्यासाठी."

"लाजतायत," कप्तानांच्या पत्नी म्हणाल्या.

"घाबरू नका म्हणावं, आम्ही सगळे आहोत इथे," कप्तान म्हणाले.

भेगेतून दोन जोड्या डोळे आठ डोळ्यांकडे पाहत होते. मग ते मावळले. धूळ हळूहळू विरली. काही जावयाने खाल्ली, काही पाण्याने. मंडळी एकेक करून उठली. जाताना कप्तानांनी पर्यवेक्षकांच्या खांद्यावर हात ठेवला, एखाद्या घरी अघटित घडल्यावर ठेवतात तसा.

त्या संध्याकाळी लेकीने विचारले, "खाल्लं?" पर्यवेक्षक म्हणाले, "नाही." एवढेच. या वेळी त्यांना सरकारी शब्द सापडले नाहीत.

"जाऊ दे बाबा. तुम्ही केलंत ना सगळं. शनिवारी मी दुकानदाराशी बोलते."

शुक्रवारी कामावरून आल्यावर पर्यवेक्षकांनी जावयाला पोटभर वाढले, पंप बंद करून नळी बादलीत सोडली, उरलेली पिल्ले ड्रॉपरमध्ये घेतली आणि खडकासमोर सोडली. आता यात आशा नव्हती; शेवटच्या घंटेनंतर उत्तरपत्रिका गोळा करताना जी एक रिकामी शिस्त असते, तेवढीच होती. गोबी भेगेत होते. पर्यवेक्षकांनी त्यांच्याकडे पाहिले आणि इतके दिवस दाबून धरलेला अपमान एकदम वर आला. घरात मुलीने खाल्ले नाही, माशांनी खाल्ले नाही, पुरे झाले.

"नका खाऊ," ते म्हणाले. "मीही विचारणार नाही."

त्यांनी खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि टाकीकडे पाठ करून बसले. प्रौढ माणसाचे असे रुसणे पाहायला कुणी नव्हते. समोरच्या भिंतीवर बंद टीव्ही होता. त्याच्या काळ्या काचेत मागची टाकी दिसत होती, लहान, निळी, दूरच्या घराच्या उजळ खिडकीसारखी. आणि त्या खिडकीत एक पिवळा ठिपका भेगेबाहेर आला.

पर्यवेक्षक हलले नाहीत.

ठिपक्याने झेप घेतली, काहीतरी टिपले, परतला. पुन्हा आला. मग दुसराही आला. टिप, टिप, टिप. दोघेही सावकाश, सवयीने, कुणाचे काही देणे लागत नसल्यासारखे खात होते.

"अगं," पर्यवेक्षक ओठ न हलवता म्हणाले. "इकडे ये. पण तिकडे बघू नकोस."

"कुठे बघू?"

"टीव्हीत."

"बंद आहे तो."

"म्हणूनच."

ती हातातला डाव घेऊन तशीच येऊन शेजारी उभी राहिली. तिनेही पाहिले. डावातून फरशीवर थेंब पडत होते, पण ते पुसायला कुणी वाकले नाही. बऱ्याच वेळाने ती हळू आवाजात म्हणाली, "हे कधीपासून असं खातायत?"

या प्रश्नाने पर्यवेक्षक पुरते गोंधळले. पिल्लांच्या हालचालीने खाल्ले? जावई तृप्त होता म्हणून? पंप थांबला म्हणून? की दाण्यांपासून चुऱ्यापर्यंत सगळेच आपण पाठ फिरवल्यावर ते गुपचूप थोडेथोडे खात आले होते, आणि आठवडाभर उपाशी होती ती फक्त आपली नजर? उत्तर कळण्याचा एकच मार्ग होता, आणि तो म्हणजे वळून बघणे. तेच तर करता येत नव्हते.

कप्तान दार ढकलून आत आले, तेव्हा त्यांना नवरा-बायको एका बंद टीव्हीकडे श्वास रोखून पाहताना दिसले. ते क्षणभर थांबले. "वहिनी, सगळं ठीक आहे ना?"

"बसा," पर्यवेक्षक म्हणाले. "पण पाठमोरे."

शनिवारी लेक आली. टाकीतले दोघे शाबूत आहेत, आणि पोटेही थोडी गोल झाली आहेत, हे तिने आल्याआल्या पाहिले. ती अविश्वासाने म्हणाली, "कसं काय जमवलंत?"

"नक्की सांगता येणार नाही," पर्यवेक्षक म्हणाले, आणि हे त्यांचे त्या आठवड्यातले सर्वांत प्रामाणिक विधान होते. "मला कळलेलं नाही."

"म्हणजे टाकी ठेवायची म्हणता?"

"तू ठरव," ते म्हणाले. हेही त्यांनी पूर्वी कधी म्हटले नव्हते.

आईने ताट वाढले. लेक बसली. सवयीने आई समोरच्या खुर्चीत बसली, सवयीने तिची नजर ताटावर गेली, आणि सवयीने तिच्या तोंडी शब्द आले, "एवढंच? बघ किती…"

पर्यवेक्षक उठले. त्यांनी आपली खुर्ची उलटी फिरवली. मग बायकोच्या खांद्याला हात लावला. ती वळून पाहू लागली, मग तिला कळले. तिनेही खुर्ची फिरवली. दोघे लेकीकडे पाठ करून शेजारी शेजारी बसले. समोरच्या काळ्या काचेत टेबल दिसत होते, ताट दिसत होते, आणि पलीकडे निळ्या उजेडात त्यांची मुलगी, गोंधळून त्या दोन पाठींकडे पाहणारी.

थोडा वेळ काहीच झाले नाही. मग काचेतल्या मुलीने घास घेतला. दुसरा घेतला. तिने इकडेतिकडे पाहिले, कुणी बघत नाही याची खात्री केली, आणि भांड्याचे झाकण अगदी हळू, आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी उचलून पुन्हा वाढून घेतले.

बायकोने पर्यवेक्षकांचा हात धरला. ते हलले नाहीत.

"बाबा," घास तोंडात ठेवूनच लेकीने मागून विचारले, "तुम्ही दोघं बंद टीव्ही काय बघताय?"

"बघू दे गं," पर्यवेक्षक म्हणाले. "बऱ्याच दिवसांनी काहीतरी चांगलं लागलंय."